अठराचं अ‍ॅव्हरेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माधवीला, माझ्या बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? — कारण आता राग आवरत नाही. संजयवर नाही हो, गाडीवर नाही. माझ्यावर.

गाडी म्हणजे माझी पन्नास वर्षांची अमेरिकन मसल कार. आठ सिलिंडर. चावी फिरवली की लेस्टरमधली आमची अख्खी गल्ली खिडकीत येते. आणि पेट्रोल? ढोसते नुसती. गॅलनला अकरा मैल, वर एक नाही. पण घेण्याआधी माधवीने विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?" — आणि मी ठोकून दिलं, अठरा. एकदा अठरा म्हटलं की झालं! मित्रांना अठरा, मंडळाच्या गणपतीत अठरा.

संजय माझा जिवलग मित्र, नॉटिंगहॅमला शाळेत गणित शिकवतो. त्याचे वडील, नाना, अकोल्याहून आले होते. एसटीच्या डेपोत आयुष्य गेलं त्यांचं, कुठली बस लिटरमागे किती पळते ते बघण्यात. त्यांची एकच हौस होती — बोटीतून समुद्रात आत जायचं. म्हटलं, चला, माझ्या गाडीतून स्कॉटलंडला जाऊ, फेरीने बेटावर जाऊ. मीच म्हटलं. मिरवायचं होतं ना मला!

माझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद आहे. त्यामुळे शेजारी बसणाऱ्याने मैल मोजायचे, ही आमची पद्धत. स्कॉटलंडमध्ये मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी एकट्याने जाऊन तेरा गॅलनची टाकी फुल करून आणली. शंभर मैलांवर एक पंप आला. फेरीचं बंदर अजून सत्तर मैल. संजय म्हणाला, "अठराने पुरतंय आरामात. पण पुढे पंप नाही रे, भरून घेऊ या का?"

बघा, त्याने विचारलं होतं.

भरलं असतं तर मीटरवर पंचविसाच्या जागी एक्केचाळीस लिटर दिसले असते. संजयने उभ्या उभ्या भागाकार केला असता, आणि मागे नाना बसलेले! मी म्हटलं, "पुरतंय ना तुझ्या हिशोबाने? मग चल की. फेरी चुकेल."

सत्तावीस मैल उरले असताना गाडी आचके देत थांबली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, फोनला रेंज नाही. नाना खाली उतरले. आधी टाकीचं झाकण उघडून वास घेतला, मग मुलाकडे वळले. "गणिताचा मास्तर ना तू? आमच्या डेपोतला क्लीनरसुद्धा असं करत नव्हता. लाज आणलीस."

संजय पुन्हा पुन्हा मोबाईलवर गुणाकार करत होता. तेरा गुणिले अठरा. कान लाल झालेले त्याचे. आणि मी? मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या नाना, होते चूक माणसाकडून."

चूक! माणसाकडून! च्यायला, काय ही जीभ!

फेरी गेली. दोन दिवसांनी नानांचं विमान होतं. त्यानंतर ते कधी आले नाहीत. मंडळात मात्र विनोद झाला — संजयला पेट्रोल विचारू नका. सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं? मी.

गेल्या वर्षी नाना अकोल्यात वारले. संजय तिकडून परत आल्यावर मी भेटायला गेलो, तर तो चहा करता करता म्हणाला, "शेवटच्या फोनवरही नाना म्हणाले, बाबा रे, गाडीत पेट्रोल बघून निघत जा." हसला जरासा. मग म्हणाला, "माझं नक्की काय चुकलं असेल रे तेव्हा? मी अजून कधी कधी मांडून बघतो."

मी म्हटलं, "सोड ना आता." आणि चहा प्यायलो. बिस्कीटसुद्धा खाल्लं.

त्याचं काहीही चुकलं नव्हतं. हे मला त्या रस्त्यावर माहीत होतं, त्याच्या स्वयंपाकघरात माहीत होतं. ऐकायला हवं होतं ते नानांनी, आणि त्यांना मी ते ऐकू दिलं नाही.