आधी ह्यांचे दोन थेंब

काकू ग्लास पुढ्यात ओढत, अनामिका बिअरमध्ये बुडवत आणि दोन थेंब लाकडी जमिनीवर शिंपडत. "हे ह्यांचे," असं म्हणून मग पहिला घोट घेत आणि तोंड वेडंवाकडं करत. "शी! काढा आहे नुसता." आणि तोच काढा तळापर्यंत संपवत.

काकू आणि बिअर म्हटल्यावर तुमच्या भुवया वर गेल्या असतील. माझ्याही गेल्या होत्या. मी पार्सिपनी या अमेरिकन गावात राहायला आलो तेव्हा शेजारच्या काकांना जाऊन काही महिनेच झाले होते. दर शनिवारी दुपारी काका काकूंना गाडीत घालून डोंगराकडच्या एका जुन्या पबमध्ये नेत असत. ते गेल्यावर ती वारी बंद पडली. एके दिवशी काकूंनी माझं दार वाजवलं.

"तुला गाडी येते ना रे? मग शनिवारी काय करतोस?"

पब म्हणजे रस्त्याकडेचं एक बसकं लाकडी घर होतं. आत शेकोटी, चिखलाचे बूट घातलेले शेतकरी, आणि मागच्या कोठारात मालक स्वतः बनवायचा ती गडद बिअर. काकू कांद्याचं सूप आणि तळलेले बटाटे मागवत. मग पर्समधून लसणाच्या चटणीची डबी निघे. एकदा दाढीवाल्या मालकाने चव मागितली, घामाघूम झाला, आपलीच बिअर घटाघटा प्यायला. पुढच्या शनिवारी तो स्वतःची बशी घेऊन आमच्या टेबलाशी हजर! मी मात्र सोडा पीत बसायचो, कारण परत गाडी मलाच चालवायची असे.

त्या हसत्या दुपारींच्या मागे एक टांगती तलवार होती. काकूंचा मुलगा लांब, दुसऱ्या राज्यात प्लेनोला होता. त्याचं एकच म्हणणं: "आई, घर विकून टाक आणि इकडे ये. तुला ड्राइव्ह करता येत नाही, एकटी कशी राहणार तू?" त्याचं चुकत नव्हतं. पार्सिपनीत दूध आणायलाही गाडी लागते. पण काकूंना ते घर सोडायचं नव्हतं, आणि शनिवारही.

"उन्हाळा संपेपर्यंत थांब," त्यांनी मुलाला सांगितलं. "लायसन्स नाही मिळालं तर येते निमूट."

मग काय, पबच्या खडीच्या पार्किंगमध्ये, बिअरच्या आधी, आमची शाळा सुरू झाली.

"ब्रेक, काकू, ब्रेक!"

"ओरडू नकोस रे. दिसतंय मला ते झाड."

झाड वाचलं. हळूहळू माझाही जीव भांड्यात पडू लागला.

पहिल्या परीक्षेला मी बाहेर थांबलो होतो. काकू परत आल्या त्या खाली मान घालून. सगळं नीट चाललं होतं, पण शेवटच्या वळणावर चर्च दिसलं आणि त्यांनी चालत्या गाडीत स्टीअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. परीक्षकाने नापास केलं. दुसरं काय करणार बिचारा?

"देऊळ कुणाचंही असो, आलं की हात जोडायचे," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी बसून मी गाडीत तेवढंच केलं रे." त्यांचे डोळे भरून आले. त्या शनिवारी त्यांनी पबचं नावही काढलं नाही. मुलाने तर घर गिऱ्हाइकांना दाखवायला माणूस पाठवायचं ठरवूनही टाकलं. मला फार वाईट वाटलं.

तरी उन्हाळा संपता संपता त्या पुन्हा परीक्षेला बसल्या. या वेळी बाहेर आल्या त्या कागद नाचवतच.

"चर्च लागलं का?" मी विचारलं.

"लागलं ना! देवाला म्हटलं, आज हात मोकळे नाहीत, सांभाळून घे."

तिथून थेट पब. गाडी अर्थात काकू चालवत होत्या. पबच्या अलीकडे एक पांढरं चर्च लागतं. ते आलं तशी मी त्यांच्या हातांकडे पाहू लागलो. हात स्टीअरिंगवर घट्ट, नजर रस्त्यावर.

"माझ्याकडे काय बघतोस? जोड की हात! तू मोकळा आहेस ना?"

मी मुकाट्याने हात जोडले.

मालकाने सवयीने ग्लास काकूंपुढे ठेवला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि स्वतःसाठी सोडा मागवला. "आज तू घे. घरी मी नेणार आहे तुला."

मी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले. "हे काकांचे," म्हणालो. काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बराच वेळ चटणीची डबी उघडत बसल्या.

पुढे नोकरीने मला लांब अल्फारेटाला आणलं. काकू पार्सिपनीतच आहेत, त्याच घरात. आम्ही फोनवर बोलतो. शनिवारी पबला त्या आता स्वतःच गाडी नेतात, म्हणून बिअर बाटलीतून घरी आणतात म्हणे, आणि दोन थेंब स्वयंपाकघरात सांडतात.

कधीकधी मी मुद्दाम शनिवारी दुपारी फोन लावतो. पलीकडे घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही. मी ती पूर्ण वाजू देतो.