एकाच नावाच्या दोघी

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. तारीख मिळाली होती. पोटातल्या कळा आता थोड्याच दिवसांच्या, असं मी स्वतःला समजावत होते. तेवढ्यात एका दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. आवाज बाईचा होता, मराठी स्वच्छ, पुण्याकडच्यासारखं. तिने सुरुवातीलाच सांगितलं की ती माणूस नाही, हॉस्पिटलची एआय सहायक आहे. हे बरं केलं. माणसं इतकं खरं सुरुवातीला सांगत नाहीत.

ती म्हणाली, तुमच्या जुन्या नोंदीनुसार तुम्हाला पेनिसिलिनचं इंजेक्शन सोसत नाही, म्हणून तपासण्या होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं आहे. मी म्हटलं, मला सगळं सोसतं. भांडुपच्या एका औषध कंपनीत मी निम्मं आयुष्य पॅकिंगला होते. पेनिसिलिनच्या गोळ्या हातांनी भरल्यात आणि तापात गिळल्यातसुद्धा. ती म्हणाली, तुमचं म्हणणं नोंदवून घेते. तिने नोंदवून घेतलं, आणि तारीख गेली ती गेलीच. तिच्याशी भांडता येत नाही. ती आवाज चढवत नाही आणि दमत नाही.

माझी नात मालाडला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे. या हॉस्पिटलचं काम तिच्याच कंपनीने केलं होतं, त्यामुळे घरात त्याचं कौतुक चालू होतं. मी चौथी शिकलेली. मला समजेल असं तिने सांगितलं होतं. हॉस्पिटलात बिलाचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅबचं वेगळं, औषधांच्या दुकानाचं वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. शिवाय मुलुंड-घाटकोपरची जुनी नर्सिंग होम त्यांनी विकत घेतली. तिथल्या माळ्यावर कागदांची गाठोडी पडलेली होती. ते सगळं मशीनकडून वाचून घ्यायचं, एका जागी आणायचं आणि एका माणसाची एकच नोंद करायची. मग त्यावर हे एआय एजंट बसवायचे. ते नोंद वाचतात, फोन करतात, तारखा देतात आणि काढूनही घेतात. पूर्वी या फोनांसाठी तीन मुली बसायच्या, असं ती म्हणाली होती. त्या आता काय करतात, असं मी विचारलं. तिला माहीत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी तिला फोनचं सांगितलं. तिने माझ्या नावाने हॉस्पिटलचं अ‍ॅप उघडलं आणि डाव्या हाताने मोबाइल धरून वाचायला लागली. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, समोर बसला होता.

आधी तिला बापाचा जन्म सापडला. आमच्याच भागातल्या नर्सिंग होमचा जुना कागद, बाळाचं वजन पौंडात लिहिलेलं. ती खूश झाली. बापाला म्हणाली, एवढासा होतास तू, आणि आता बघ. मग इंजेक्शनचं सापडलं. तापासाठी दाखल, इंजेक्शन दिल्यावर अंग सुजलं, श्वास कोंडला. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. ती वाचून नात हसायला लागली.

"आजी, तू इथे मेलीयस गं."

तिने आम्हाला समजावून सांगितलं. जुन्या कागदावर मृत्यूची नोंद होती. पण त्याच बाईचे पुढचे कागद आहेत, आत्ताचे रिपोर्ट आहेत, मग ती मेलेली कशी असेल? म्हणून मशीनने मृत्यू ही चूक ठरवून बाजूला काढली होती. रक्तगट जुळत नव्हता, ती जुन्या लॅबची चूक. वयात तीन-चार वर्षांचा फरक होता, पण त्या काळी वय अंदाजानेच सांगायचे. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, पत्ता तोच. मशीनला शंकाच उरली नव्हती.

मुलाने भात कालवायचा थांबवला. जुने कागद आहेत, चुका असणारच, एवढं बोलून तो हात धुवायला गेला. आमच्याकडे ताटात टाकलेलं चालत नाही, आणि तो जन्मात कधी टाकत नाही. नातीच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, म्हणून त्या रात्री मी काही बोलले नाही.

मशीन चुकलं होतं, पण उगाच चुकलं नव्हतं. त्याने चुकावं अशी सोय आमच्याच घराने करून ठेवली होती.

मी दुसरेपणावर दिलेली. माझ्या नवऱ्याची पहिली बायको तापात गेली तेव्हा मूल रांगत होतं. वर्षाच्या आत मला आणलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. मी वाकून वाचलं, तर ते तिचंच नाव होतं. सासू म्हणाली, घराला सवय आहे, रेशनकार्डावर आहे, मुलाच्या जन्मदाखल्यावर आहे, बदलत कशाला बसायचं? तिच्या बाजूने ते बरोबर होतं. पुढे मुलाच्या शाळेत, बँकेत, पासपोर्टाला, कुठेही काही अडलं नाही. सगळीकडे आईचं नाव जे होतं तेच होतं, आणि समोर मी उभी होते.

गळ्यात सवतीचा टाक घातला. चांदीचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर बाईची आकृती. ती आकृती म्हणजे ती. सणाच्या दिवशी आधी टाकाला घास दाखवायचा, मग आपण खायचं. नवरा गेल्यावर मी तो टाक देव्हाऱ्यात ठेवला. मी तिचा राग केला नाही, आणि माया तरी कुठून येणार? मी तिला पाहिलेलंच नव्हतं. घरात फोटो नव्हता.

मला मूल झालं नाही. त्याचं रडत बसायला वेळ नव्हता, कारण एक मूल होतं. तो शाळेत असताना एका शेजारणीने त्याला सांगून टाकलं, आणि मग वर येऊन मला सांगितलं की मी सांगितलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी वाट बघत होते. तो म्हणाला, भूक लागलीय. मी वाढलं. त्या विषयावर आमचं तेवढंच बोलणं झालं, ते या हॉस्पिटलच्या भानगडीपर्यंत.

नातीला मात्र काहीच ठाऊक नव्हतं. पितृपक्षात अविधवा नवमीला मी दरवर्षी एका सवाष्णीला जेवायला बोलावते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी ते असतं. नातीला वाटायचं, कुणी पणजी-खापरपणजी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गॅलरीत चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. एरवी बसत नाही. म्हणाला, अ‍ॅलर्जीची तपासणी करून घेऊ, काही निघणार नाही, मग ते तेवढी ओळ पुसतील आणि तारीख देतील. बाकी आहे तसं राहू दे.

"आणि ती?" मी म्हटलं.

"कोण ती?"

 तो खाली रस्त्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, इतकी वर्षं एकाही कागदाला फरक कळला नाही, कुणाचं काय बिघडलं? पोरीच्या डोक्यात हे आता कशाला घालायचं? तिची आजी तू आहेस. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तपासणीने माझं काम होत होतं. पण शेवटी त्याच्या तोंडून निघालं ते खरं कारण होतं.

"मला या वयात दुसरी आई नकोय."

"तुला नको म्हणून ती नव्हती असं होत नाही रे," मी म्हटलं. "तिने तुला जन्म दिला आणि ती मेली. मशीन म्हणतं मेलीच नाही. मग ती होती कुठे?"

तो चहा अर्धा ठेवून उठला. रात्रीपासून दोनदा टाकलं त्याने.

माझ्या मनात काय होतं ते सरळ लिहिते. मी तिचं नाव घेतलं, तिची चूल घेतली, नवरा घेतला, मूल घेतलं. मागून घेतलं नाही, हातात दिलं म्हणून घेतलं. तिचं म्हणून उरलं होतं एक मरण. माझं ऑपरेशन लवकर व्हावं आणि घरात कुणाला अवघड वाटू नये, म्हणून तेही पुसायचं, हे मला जमणार नव्हतं.

नात त्या दिवशी घरूनच काम करत होती. मी मेथी निवडत तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. "तो कागद माझा नाही. ती दुसरी बाई. तुझ्या बाबाला तिने जन्म दिला आणि पुढे तापात तिथेच ती मेली. मी नंतर आले, तिच्याच नावाने."

तिने लॅपटॉप मिटला. आत गेली, तोंड धुऊन आली. मला वाटलं रडेल, पण आधी तिचं काम बोललं.

"म्हणजे रक्तगट बरोबर होता."

"हो."

"आणि वयपण."

"तेही."

"सगळं बरोबर होतं, आणि जे जे बरोबर होतं तेच आम्ही चूक म्हणून काढलं."

मग विचारलं, मला आजवर का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. ती म्हणाली, असं कुणी कसं विचारणार, आजी?  मेथी निवडून झाली होती, तरी मी तशीच बसून राहिले.

बापाशी ती काही दिवस कामापुरतंच बोलली. तोही माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते दिवस सुनेने निभावले. सुनेला लग्नाच्या वेळीच सगळं सांगितलेलं होतं.

एक झालेली नोंद पुन्हा दोन करणं सोपं नव्हतं. नात ऑफिसातून येऊन सांगायची, की आज वेगळी केली आणि मशीनने परत सुचवलं, या दोघी एकच दिसतात, जोडू का? त्याला दोघींत ठळक फरक हवा होता. म्हणून तिने लग्नाआधीचं नाव मागितलं. आधी तिचं, मग माझं.

तिचं कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याने तिचंही नाव लग्नात बदललेलं असणार. तिला घरी काय म्हणत, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. मी कधी विचारलंही नाही. मला जे नाव मिळालं तेही तिच्या घरून आलेलं नव्हतं, हे माझ्या इतक्या वर्षांनी ध्यानात आलं.

माझं मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. त्या नावाने मला शेवटची हाक माझ्या भावाने मारली होती, आणि त्यालाही जाऊन बरीच वर्षं झाली. नातीने ते माझ्या नोंदीत भरलं आणि एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. मी या नावाने हाक मारली तर ओ देशील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही.

एवढ्यावर भागलं नाही. या दोन वेगळ्या बायका आहेत हे शेवटी माणसाने सही करून सांगावं लागतं, आणि मेलेल्या बाईसाठी तिच्या नातेवाइकाची सही लागते. मुलाशिवाय तिचं कुणी नव्हतं. मी त्याला आग्रह केला नाही. तारीख सांगितली फक्त. त्या दिवशी सकाळी तो शर्ट घालून तयार होता आणि गाडीची किल्ली हातात होती.

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक तरुण कारकून होता. त्याने स्क्रीनवर बघून माझ्या मुलाला विचारलं, "पेशंटशी नातं काय?"

मुलाने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मागे रांग होती. कारकुनाला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारलं.

"मुलगा," तो म्हणाला. "मी मुलगा आहे त्यांचा."

सही केली. जन्म तिच्या नोंदीत गेला आणि मृत्यू परत जागेवर लागला. माझ्या नोंदीत प्रसूतीपुढे 'नाही' आलं.  परत येताना चेकनाक्याजवळ गाडी अडकली तेव्हा मुलाने विचारलं, ती कशी होती काही माहीत आहे का? मी म्हटलं, सासू म्हणायची हात जलद होता, बाकी ठाऊक नाही. ठाऊक नव्हतं ते कुठून सांगणार? त्याने मान हलवली.

मग तारखेची वाट बघणं आलं. एका दुपारी फोन वाजला. त्याच बाईचा आवाज. तिने कुणा भलत्याच बाईचं नाव घेऊन विचारलं, आपण बोलताय का? मी म्हटलं, इथे असं कुणी राहत नाही, आणि ठेवला.

लगेच पुन्हा वाजला. मी तसाच वाजू दिला. मुलगा घरी होता. त्याने उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"हो," तो फोनवर म्हणाला. "माझी आई. देतो."

मी फोन कानाला लावला. आवाजाने पुन्हा तेच नाव घेतलं, भाऊ हाक मारायचा ते, आणि आपणच बोलताय ना, असं विचारलं. मशीनला सगळं दोनदा विचारायची सवय आहे.

"हो, मीच," मी म्हटलं. "बोला."