चुलीच्या जागी कॅमेरा

रविवार, ८ नोव्हेंबर १९५९. धुळ्याच्या घरी हजर: वहिनी, त्यांचा मुलगा वसंत, पाचोऱ्याहून कॅमेरा पाहायला आलेले एक फोटोग्राफर आणि मी. नाना नाहीत. माझे थोरले भाऊ दसऱ्याच्या आधी एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मी जळगावला मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. यादीशिवाय माझं पान हलत नाही, त्यामुळे दुःखाच्या घरीही यादी घेऊनच गेले होते. कॅमेरा दाखवणे, दुकानाची पाटी उतरवणे आणि वहिनींची चूल आत घेणे, अशी कामं. यातलं शेवटचं काम समजायचं तर दहा वर्षं मागे जावं लागेल.

नानांचा स्टुडिओ म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. छपरात काचेची कौलं बसवलेली, भिंतीवर रंगवलेला पडदा, समोर खुर्ची. कॅमेरा जुना, लेन्स छोटी. त्या लेन्सने चेहरा मोठा घ्यायचा तर अगदी जवळ जावं लागे, आणि जवळ गेलं की नाक पुढे यायचं, कान मागे पळायचे. खेड्यावरून आलेल्या बायकांना तर छातीपर्यंतचा फोटो मुळीच चालत नसे. तसा फोटो हार घालायला काढतात, अशी समजूत. एका आजीने नानांना खडसावलेलं मला आठवतं, "अर्धी का बरं काढस रे भाऊ? मी काय मरेल शे का? पाय बी काढ मना!" मग नाना पायांसकट फोटो काढायचे. पण बसलेल्या बाईचे गुडघे आणि पावलं लेन्सच्या जवळ, म्हणून ती भली मोठी दिसायची आणि चेहरा राहायचा सुपारीएवढा. लग्न जमवायला मुलींचे फोटो पाठवण्याची पद्धत तेव्हा आमच्याकडे नुकती सुरू झाली होती. नाना म्हणायचे, "इंदू, पोरगी चांगली असते गं. माझा फोटो तिला बिघडवतो." ते त्यांना खरंच लागलं होतं.

शेवटी मोठा कॅमेरा घ्यायचं ठरलं. नाना भोळे, दुकानदार गळ्यात काहीही मारेल, म्हणून मी सोबत निघाले. चाळीसगावला गाडी बदलून मुंबई गाठली. माझ्याकडे विचारायच्या प्रश्नांचा कागद होता. कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याला भोकं आहेत का, लेन्सच्या काचेवर बुरशी आहे का, फोटो उमटायच्या काचेच्या प्लेटा धुळ्यात मिळतात का, अशी सगळी विचारपूस झाली. दुकानदाराने दोन जुने कॅमेरे पुढे ठेवले. एक सुटसुटीत, छोट्या लेन्सचा, जवळजवळ नवा दिसणारा. दुसरा लाकडी, चाकांच्या स्टँडवरचा, लांब पल्ल्याच्या जड पितळी लेन्सचा. नानांनी मला स्टुलावर बसवलं आणि दुसऱ्यामागे काळ्या कापडात शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. मग आतूनच आवाज आला, "हां... ही आमची इंदू."

दुकानदाराने विचारलं, "पण खोली केवढी आहे? या लेन्सला लांबून उभं राहावं लागतं. पूर्ण माणूस घ्यायचा तर आणखी मागे."

मी कागद पाहून सांगितलं, "दहा फूट."

"मग नाही जमायचं. तुम्ही छोटा घ्या."

कापडातून नानांचं डोकं बाहेर आलं. "दहा आणि आठ, अठरा फूट."

"आठ कुठले?" मी विचारलं.

"मागची खोली."

"नाना, मागे स्वयंपाकघर आहे. वहिनींना विचारलंय?"

"विचारू की," ते म्हणाले, आणि पुन्हा कापडात गेले.

कॅमेरा घरी आला. मधला दरवाजा रुंद केला तरी कॅमेऱ्याची जागा नेमकी चुलीवर येत होती. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "सवत आणली ती आणली, वर काळं लुगडं नेसवून आणली! हिला राहू द्या माझ्या चुलीशेजारी." तसंही करून पाहिलं. नानांनी खोलीचं माप घेतलं होतं, फोडणीचं घेतलं नव्हतं. पहिल्याच दिवशी नवरी मुलगी खुर्चीत नटून बसलेली, नाना लेन्सचं झाकण काढताहेत, आणि वहिनींनी तेलात मिरच्या टाकल्या. मुलगी शिंकली, तिची आई शिंकली, झाकण हातात धरून नाना शिंकले. प्लेट वाया गेली. दुपारी चूल उचलली आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली मांडली. नाना म्हणाले, "एवढी लग्नसराई जाऊ दे. मग अंगणात कॅमेऱ्यासाठी खोली बांधतो, तुझी चूल जागेवर." वहिनींनी भाजी ढवळता ढवळता विचारलं, "कोणत्या सालची लग्नसराई, तेवढं सांगून ठेवा."

चूल गेली तरी वहिनींचं बाकीचं काम तिथेच चालायचं. डबे, जातं, मसाल्याची बरणी सगळं आतच. फोटो काढताना त्या कॅमेऱ्याशेजारी सूप घेऊन ज्वारी निवडत बसायच्या. खुर्चीतल्या मुलीने मान वर केली की समोर परका पुरुष नाही, काच नाही... धान्य निवडणारी बाई. "कोणतं गाव तुनं?" वहिनी विचारायच्या. "माय काय करस?" मुलगी उत्तर द्यायला लागली की चेहरा सैल व्हायचा आणि नाना हळूच झाकण काढायचे. नानांच्या फोटोंतल्या बायका पाहणाऱ्याकडे बघत नाहीत, किंचित बाजूला, कोणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं बघतात. लोक त्याचं कौतुक करत. लेन्सची निवड नानांची, पण नजर वळायची ती वहिनींच्या सुपाकडे. नानांना हे पक्कं माहीत होतं. वहिनी माहेरी गेल्या की ते बायकांना सांगायचे, "आज नको, घरचे आले की या."

अंगणातली खोली काही झाली नाही. दर पावसाळ्यात वहिनी पत्र्याखाली ओल्या लाकडांवर फुंकर घालत आणि आत ऐकू जाईल असं म्हणत, "सवतीला छप्पर, मला पत्रा." नाना आतून म्हणत, "या वर्षी नक्की." अशी दहा वर्षं गेली. गेल्या श्रावणात मी नानांना शेवटची भेटले, तेव्हाही त्यांनी काठीने अंगणात रेघ मारून खोलीची जागा दाखवली होती.

त्या रविवारी पाचोऱ्याचे पाहुणे लेन्स न्याहाळत असतानाच दारात एक कुटुंब आलं. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, मुलीचा फोटो हवा होता. नाना गेल्याचं त्यांच्या गावी कळलं नव्हतं. वसंतने सांगितलं. मुलीचे वडील टोपी काढून उभे राहिले आणि परत फिरायला लागले. वहिनी म्हणाल्या, "इतक्या लांबून आला, बसा." पाहुण्यांना म्हणाल्या, "दादा, तुम्ही काढा. तुम्हालाही कॅमेरा कळेल." आणि त्यांनी सूप घेतलं, कॅमेऱ्याशेजारी बसल्या. "कोणतं गाव तुनं?" त्यांनी विचारलं. मुलीने उत्तर दिलं, आणि पाहुण्यांनी वेळ साधली.

त्यांनी लेन्सवर झाकण लावलं, वहिनींकडे पाहिलं, आणि कॅमेरा घेतो म्हणाले. वहिनींनी काळं कापड झटकलं, नीट घडी केली आणि स्वतः त्यांच्या हाती दिलं. "धुताना पिळू नका," एवढंच सांगितलं. पाटीही वसंतने संध्याकाळी उतरवली.

काल मी पुन्हा धुळ्याला गेले होते. स्वयंपाकघर मोकळं आहे. फरशीवर स्टँडच्या चाकांच्या खुणा आहेत, आणि दरवाजातून पुढची रिकामी खुर्ची सरळ दिसते. मी माती भिजवून आणली, विटा गोळा केल्या. वहिनी अंगणात पत्र्याखाली भाकरी थापत होत्या. म्हटलं, "वहिनी, चला, आज चूल आत घेऊ. जागा झाली आता."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, आत चाकांच्या खुणांकडे पाहिलं.

"नको इंदूताई," त्या म्हणाल्या. "आत धूर व्हई."

विटा अजून दाराशी रचलेल्या आहेत. काम यादीत तसंच आहे.