लेकीची कलचाचणी

माझी मुलगी दहावीत असताना तिची कलचाचणी मी दिली. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको.

शाळेने ऑनलाइन लिंक पाठवली होती. रविवारी संध्याकाळी सहाला ती बंद होणार होती आणि मुलगी डोंबिवलीच्या दुसऱ्या टोकाला, क्लासच्या सराव परीक्षेला बसलेली. आमच्या घरात तिचे सगळे फॉर्म मीच भरते. सहलीचं संमतीपत्र, चित्रकलेची परीक्षा, काहीही असो. हा आणखी एक, असंच मी धरून चालले. शिवाय मी तिची आई आहे. तिला काय आवडतं ते मला माहीत नसणार तर कोणाला?

पहिले तीसेक प्रश्न मी प्रामाणिकपणे तिला डोळ्यांसमोर आणून सोडवले. पुढे कंटाळा आला. बंद पडलेलं यंत्र दिसलं तर काय कराल? उघडून बघेन. दिवसभर एका जागी बसून काम करायला आवडेल का? मुळीच नाही. एकशे ऐंशी प्रश्न होते. शेवटी शेवटी मजा यायला लागली, हे कबूल करते.

अडचण अशी, की अकरावीच्या शाखेवरून घरात वाद नको म्हणून नवऱ्याने आधीच जाहीर केलं होतं, रिपोर्ट सांगेल ती शाखा, विषय संपला. छापील कागदावर त्याचा फार विश्वास. मुलगी तेव्हा काही बोलली नव्हती. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असं आम्ही दोघांनी सोयीने ठरवून टाकलं.

पंधरा दिवसांनी आम्हा तिघांना शाळेत बोलावलं. समुपदेशक मॅडम जेमतेम तिशीच्या होत्या. त्यांनी रंगीत आलेख पुढे ठेवला आणि सांगितलं, की मुलीचा यंत्रांकडे स्पष्ट कल आहे, तिने सायन्स घ्यावं, पुढे मेकॅनिकल करावं. ऑफिसातल्या खुर्चीत मात्र तिला कधी बसवू नका, असं मूल तिथे आतून सुकत जातं. मी ठाण्याला एका ऑफिसात बावीस वर्षं खुर्चीत बसते आहे. मी मान डोलावली.

नवऱ्याने पेन काढून डायरीत 'सायन्स' लिहूनही घेतलं. खोलीतला बल्ब गेला तर ही मुलगी टॉर्च लावून वाचत बसते, हे त्याला ठाऊक होतं, पण रिपोर्टपुढे तो काय बोलणार. मीही बोलले नाही. बोलले तर माझी शोभा होणार होती, नाही बोलले तर पोरीची दोन वर्षं वाया जाणार होती, आणि यातलं काय परवडेल याचा मी खरोखर विचार करत होते.

शेवटी मुलगीच म्हणाली, "मॅडम, हा रिपोर्ट माझा नाहीये. आईचा आहे."

मग मला सगळं सांगावं लागलं. मॅडम रागावल्या नाहीत. दर वर्षी दोन-चार आया असं करतात, म्हणाल्या. आणि मग त्यांनी मला विचारलं, की दहावीत असताना मला स्वतःला काय व्हायचं होतं.

"मोटर वाइंडिंग करायचं होतं," मी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मीच दचकले. टिटवाळ्याला आमच्या शाळेच्या वाटेवर एक दुकान होतं. तिथे जळलेल्या पंपांच्या मोटरींना नवी तार गुंडाळायचे, आणि मी रोज दारात उभी राहून बघायचे.

"मग का नाही केलंत?"

"कोणी विचारलंच नाही."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं. मग तो लेकीकडे वळला आणि म्हणाला, "तुला काय करायचंय गं?"

"आर्ट्स," ती म्हणाली. "मला भाषा शिकायच्यात, बाबा. जर्मन आणि संस्कृत. एक इथलं आणि दोन कल्याणची कॉलेजं बघून ठेवलीत. मागच्या वर्षीचे कट-ऑफ पण लिहून ठेवलेत."

मध्ये ती श्वास घ्यायलाही थांबली नाही. उत्तर वर्षभर तरी तयार असणार. मला फार लाज वाटली, आणि ती त्या चाचणीची नव्हती.