सखूबाईची भिंत

परवा शेजारी कुणीतरी चूल घालायला माती भिजवली होती, धानाचा भुसा घालून. तो वास आला आणि मला सावली गावापलीकडचं ते खेडं आठवलं.

वैनगंगेच्या पुरात तिथल्या सखूबाईचं घर पडलं होतं. ते उभारायला सलीम, वनिता आणि मी असे तिघं मित्र घुग्घुसहून सलीमच्या टेम्पोतून गेलो. सलीमच्या घरी गवंडीकाम चालायचं. आम्हा दोघींना फावडंही धड धरता येत नव्हतं. तरी मातीची भिंत कमरेपर्यंत आली. मग एका दुपारी जोराची सर आली आणि ओली भिंत आमच्या डोळ्यांदेखत ढासळली.

आम्ही तिघं चिखलाने माखून ढिगाऱ्याच्या कडेला बसलो.

"बाई, दिवाळी झाल्यावर येतो आम्ही," सलीम शेवटी म्हणाला.

सखूबाई लुगडं खोचून त्या ढिगाऱ्यात उतरली आणि पायांनी चिखल तुडवू लागली. "काऊन गा बापू? माती तं इथीच हाय. कुठी गेली नाई."

सलीमने चपला काढल्या आणि तो तिच्या शेजारी उतरला. मागोमाग आम्हीही. त्यानंतर आभाळ भरून आलं की आम्ही टेम्पोची ताडपत्री भिंतीवर ओढायचो, उघडलं की पुन्हा थर चढवायचो.

तेव्हा वाटायचं, आम्ही तिला घर बांधून देतोय. आता वाटतं, ती बांधतच होती, आम्ही फक्त हात लावला.

भिंती पुऱ्या झाल्या, त्या संध्याकाळी तिने आत चूल पेटवून भात टाकला. आम्ही टिनाचे पत्रे उचलायला निघालो, तर तिने अडवलं.

"छत उद्या टाका. आज माह्या घरी जेवा."