दीड इंच समास

कोरा कागद मशीनमध्ये घालण्याआधी मास्तर त्याच्या डाव्या कडेवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवत आणि म्हणत, "समास सोडा. दीड इंच. कडेला गेलेलं माणूस पडतं." मग कागद फिरवून आत घेत. हे वाक्य म्हटल्याशिवाय त्यांनी एकही कागद घातलेला मी पाहिला नाही.

गिरगावातल्या एका वाडीत, पहिल्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा वर्ग होता. सहा चालती मशीनं, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं सातवं, एक घड्याळ, आणि जिना असा अरुंद की खालून कोणी येत असेल तर वरच्याने थांबावं. मी लालबागहून तिथे शिकायला जात असे. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते, आणि मुलीने टायपिंग शिकणं म्हणजे आमच्या चाळीत मोठीच गोष्ट होती.

मास्तरांइतका घाबरट माणूस तुम्हीही क्वचितच पाहिला असेल. कुत्र्याला घाबरत, ते समजण्यासारखं आहे. पण शेजाऱ्याच्या घरी तार आली तरी यांना घाम फुटायचा. रस्त्याने भिंतीला खांदा घासत चालायचे. खाली पोलिसांची गाडी वाजली की त्यांचं उजव्या हाताचं बोट वर जाई, आणि सहाच्या सहा मशीनं गप्प होत. गाडी गेली की, "हं, चालू."

"मास्तर, टायपिंगवर बंदी कधी आली?" एकीने विचारलं.

"आली नाही. पण येताना तुला विचारून येणार आहे का?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सगळी मुंबई मोर्च्यात होती. माझ्या वडिलांच्या पाठीवर लाठीचा वळ होता आणि तो ते पाहुण्यांना दाखवत. मास्तर कधी मोर्च्याच्या आसपासही दिसले नाहीत. आम्ही मुली त्यांना आपसात भागूबाई म्हणायचो. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मला शिक्षिका व्हायचं होतं. गिरगावाजवळच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीची एकच जागा होती आणि अर्जासोबत 'मला का शिकायचे आहे' यावर इंग्रजी निबंध मागितला होता. अटी निबंधापेक्षा भारी. एकच फुलस्केप कागद, एकाच बाजूला, ओळींत दुप्पट अंतर, डावीकडे दीड इंच समास, आणि एकही खाडाखोड नको. ही जागा मिळाली नाही तर आत्याच्या ओळखीने मला गिरणीत वाइंडिंग खात्यात लावायचं घरी ठरलं होतं.

मास्तरांनी माझा हस्तलिखित निबंध दोनदा वाचला. "मजकूर तुझा, जागा माझी," म्हणाले, आणि पेन्सिलीच्या टोकाने अक्षरं मोजू लागले. मथळा बरोबर मध्ये आणायचा तर आधी कागदाच्या मधोमध जायचं आणि दर दोन अक्षरांना एक घर मागे यायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मागे यायची विद्या मास्तरांइतकी कोणाला येणार, असं आम्ही त्यावरही हसायचो. "शेवटच्या दिवशी ये," ते म्हणाले, "मी स्वतः करून देतो."

पण मला धीर कुठला? आदल्या दिवशी ते रिबन आणायला खाली गेले असताना मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. ते कायम झाकलेलं असे. त्याची स्प्रिंग गेली आहे, हात लावू नका, असं मास्तर सांगत. स्प्रिंग चांगली ठणठणीत होती. मी पूर्ण निबंध एका बैठकीत उतरवला, एकही चूक नाही. फक्त त्या मशीनचा इंग्रजी ए दर वेळी ओळ सोडून जरासा वर उडत होता. मी कागद वहीत घालून ऐटीत घरी नेला; उद्या मास्तरांना दाखवून मगच अर्जाला जोडणार होते.

दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत अर्ज द्यायचा होता. सकाळीच गोळीबाराची बातमी आली. ट्राम बंद, बस बंद.

"खंय जातंस गो?" आई दारात आडवी उभी राहिली. "भायर गोळये सुटतत!"

"जाऊ दे तिला," वडील म्हणाले. "गल्लीगल्लीतून जा. पळू नकोस. पळणाऱ्याला मारतात."

मी लालबागपासून गिरगावपर्यंत चालत गेले आणि वाटभर पळायचं नाही एवढंच स्वतःला सांगत राहिले. एका नाक्यावर रस्ताभर चपला पडल्या होत्या, माणूस एकही नव्हता. त्या चपला ओलांडत मी तशीच चालत पुढे गेले.

मास्तर एकटेच होते. मी आदल्या दिवशीचा कागद पुढे ठेवला. त्यांनी सवयीने कडेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा मध्येच थांबला.

"कोपऱ्यातल्या मशीनवर केलंस?"

"हो."

"कोणाला दाखवलंस?"

"नाही मास्तर."

ते उठले आणि दार लोटून आले. चेहरा चुन्यासारखा झाला होता. "या मशीनचा ए पोलिसांना पाठ झालाय. चळवळीची इंग्रजी पत्रकं वर्तमानपत्रांकडे जातात ना, ती सगळी याच्यावरची. पोलीस टायपिंगचे वर्ग फिरतायत. प्रत्येक मशीनचा नमुना घेतात."

"पत्रकं कोण करतं?"

"मी."

"तुम्ही?"

"घाबरत घाबरतच केली," मास्तर म्हणाले. "माझं राहू दे. या कागदावर तुझं नाव आहे, पत्ता आहे. पत्रकं तूच टाईप केलीस म्हणतील."

"फाडू या."

"तुकडे सापडतात."

"जाळू या."

"वास येतो." भित्र्या माणसाने सगळा विचार आधीच करून ठेवला होता. मशीनचा रूळ खराब होऊ नये म्हणून कागदामागे एक जुना कागद घालतात. मास्तरांनी कोऱ्या फुलस्केपमागे माझा तो कागद घातला, दुसऱ्या मशीनवर बसले आणि निबंध पुन्हा पहिल्यापासून टाईप करू लागले.

चार ओळी राहिल्या होत्या तेव्हा जिन्यावर बूट वाजले. मास्तरांचं बोट सवयीने वर गेलं. मला वाटलं, आता थांबणार. पण ते बोट खाली आलं ते अक्षरावरच.

एक अधिकारी आणि दोन शिपाई आत आले. "बंद करा ते."

"साहेब, चारच ओळी राहिल्यात," मास्तर म्हणाले. आवाज इतका कापत होता की मलाच रडू यायला लागलं. "खाडाखोड चालत नाही यात. आज पाचपर्यंत द्यायचाय."

"ही कोण?"

"निबंध करून घ्यायला आलीय."

"टायपिंग येतं हिला?"

"हिला? तीन महिने झाले, बोटं कुठं ठेवायची ते कळत नाही. म्हणून तर मी बसलोय."

मी वर्गात सगळ्यांत वेगवान होते. मी मान खाली घातली. अधिकाऱ्याने वाकून कागद पाहिला. सगळी अक्षरं सरळ ओळीत होती. त्यांच्यामागे, एका कागदाच्या जाडीवर, माझं नाव आणि ते उडणारे ए होते. शिपायाने कोपऱ्यातल्या मशीनवरचं कापड काढलं, कागद घातला आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबू लागला. मास्तरांनी तिकडे मान वळवली नाही. बोटं चालूच होती.

चार ओळी झाल्या. मास्तरांनी दोन्ही कागद एकत्रच ओढून काढले आणि माझ्या हातात दिले. "समास बघून घे. आणि भिंतीकडेने जा."

अर्धा जिना उतरले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, "साहेब, मशीन सांभाळून न्या. जिना अरुंद आहे, पडाल."

पाचाला दहा मिनिटं असताना मी अर्ज दिला. जागा मला मिळाली. पेढे घेऊन गेले तर वर्गाला कुलूप होतं. काही महिन्यांनी मास्तर तुरुंगातून सुटले, असं वाडीतले म्हणाले, पण वर्ग पुन्हा उघडला नाही. कोणी सांगितलं गावी गेले, कोणी सांगितलं वडाळ्याला बहिणीकडे आहेत. वडाळ्याला जाऊन मी दारोदार विचारलं. महाराष्ट्र झाला त्या दिवशी सगळी मुंबई रस्त्यावर आली होती, आणि मी गर्दी सोडून भिंतींच्या कडेने पाहत फिरले. मास्तर दिसले नाहीत.

मागे घातलेला तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावरची शाई आता फिकी झाली आहे. पण तो पालथा करून अंगठा फिरवला की पुढच्या कागदावर केलेले मास्तरांचे ठसे हाताला लागतात. वरच्या ओळी जेमतेम लागतात. शेवटच्या चार मात्र खोल आहेत, इतक्या जोरात त्यांनी त्या हाणल्या होत्या. पूर्णविरामांच्या जागी कागदाला भोकं पडली आहेत. चूक एकही नाही.