यंत्राने मान्य केलेलं सूत्र

त्या वर्षी अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, गणित विभागात, हाताने फिरवायचं गणकयंत्र आलं. दांडा फिरवला की आत खडखड होई आणि वरच्या खिडकीत उत्तर येई. दसऱ्याला शिपायाने त्याला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मला गंमत वाटली, पण बोलले नाही. तशी मी कुणाशीच फारशी बोलत नसे.

अकोल्याच्या विद्यार्थी संमेलनात निबंध वाचायला आमच्यातल्या एकाला पाठवणार होते. हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटत नसे, तरी मला जायचं होतं. कारण माझ्याजवळ स्वतःचं सूत्र होतं. कुठलीही संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर सतरा मिळवा. उत्तर मूळ संख्याच येणार, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जाणार नाही.

तेल्हाऱ्याची माझी मैत्रीण दांडा फिरवी, मी उत्तरं भागून बघे. एकपासून पंधरापर्यंत गेलो. कुठेच भाग जाईना. तिचा हात भरून आला, तेव्हा आम्ही थेट गणिताच्या सरांकडे गेलो आणि सूत्र फळ्यावर लिहिलं.

"बरं," सर म्हणाले, "आणि सिद्धता?"

"सर, मशीननं सांगतलं ना!" मैत्रीण म्हणाली. "पूजा झालेली मशीन खोटं कावून बोलीन?"

"खोटं नाही बोललं. तुम्ही विचारलं तेवढंच सांगितलं. पुढच्या संख्यांचं काय?"

"फिरवून राहिलो ना, सर. आज नाही तं उद्या होईन."

"संख्या संपतील तेव्हा मला बोलवा," सर म्हणाले आणि हसू लागले.

मी फळ्यावरच्या सूत्राकडे बघत होते. सतराच घातले तर? सतराचा वर्ग, अधिक सतरा, अधिक सतरा. तिन्हींना सतराने भाग जातो. दांड्याला हातही लावायला नको. माझं अकोला गेलं, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरी मी मोठ्याने म्हणाले, "सर, हे चूक आहे."

"कावून वं?" मैत्रीण ओरडली. "माया खांदा गेला ना!"

मी फळ्यावर मांडून दाखवलं. सरांनी खडू माझ्याच हातात राहू दिला. "हेच सांगा अकोल्यात. सूत्र कसं सापडलं आणि कसं मोडलं."

अकोल्यात मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "काही ऐकू येऊन नाही राहिलं, बाई!"

मी वळले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.